माहेरचं तिकीट

पेट्राला जाऊन यायचं, एवढंच ठरलं होतं. सकाळी जॉर्डनमधल्याच सल्त गावाहून निघायचं, ते दगडातलं जुनं शहर बघायचं, रात्रीच्या जेवणाला घरी. जगातली माणसं विमानं बदलत पेट्राला येतात, मग त्याच देशात राहणाऱ्या मुफीदला ते जड का जावं? पण मुफीदचं नशीबच असं होतं, की त्याने साधं दाराला रंग द्यायचं काढलं तरी शेवटी भिंत पाडावी लागायची.

सुरुवात झाली ती शेजारच्या अबू वदीमुळे. सल्तच्या त्या उतारावर घरं अशी एकावर एक चढलेली आहेत, की एकाची गच्ची ती दुसऱ्याचं अंगण. त्यामुळे अबू वदीला मुफीदच्या घरात दार वाजवून यावं लागत नसे, नुसतं उतरावं लागे. तसाच तो एका संध्याकाळी उतरला आणि आपल्या बायकोने पेट्राच्या सहलीत काढलेले फोटो मोबाइलवर दाखवू लागला. कड्यात कोरलेल्या, 'खजिना' म्हणतात त्या महालाच्या दर्शनी भिंतीचे फोटो झाले, उंटाचे झाले, उंटासमोर बायकोचे झाले आणि मग एका कड्याचा फोटो आला.

"ही बघा, कसली अंधारी भोकं आहेत! यात म्हणे माणसं राहायची," अबू वदी म्हणाला.

मुफीदची बायको रखिया चहा घेऊन आली होती. तिने ट्रे खाली ठेवला, मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

"भोकं नाहीत ती," ती म्हणाली. "हे डावीकडचं आमचं स्वयंपाकघर."

अबू वदी गप्प झाला. त्याच्या आयुष्यात ही गोष्ट क्वचित घडत असे.

रखिया पेट्रातली. म्हणजे शब्दशः आतली. तिचा जन्म त्या कड्यातल्या गुहेत झाला, ती तिथेच रांगली, तिथल्या कड्यात कोरलेल्या प्राचीन थडग्यांच्या ओट्यांवर ताक घुसळायला शिकली. पुढे सरकारने त्यांच्या सगळ्या टोळीला वरच्या टेकडीवर सिमेंटची घरं दिली आणि खाली फक्त इतिहास राहू दिला. त्या घरांना नळ द्यायला पाणी खात्यातून जो तरुण मुफीद गेला, तो नळ देऊन आणि बायको घेऊन परत आला. हा विनोद तो गेली तीस वर्षं करत होता आणि रखिया तेवढीच वर्षं त्यावर हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मला पेट्राला जायचंय."

मुफीदला एवढा आनंद झाला, की त्याच्या हातातला पाव बशीत पडला. "हुलैलला फोन करू का?"

"माहेरी नाही जायचं. पेट्राला जायचंय. लोक जातात तसं. तिकीट काढून."

आता इथे हुलैलचं सांगायला हवं. हुलैल हा रखियाचा थोरला भाऊ. दोघांचं बोलणं बंद होतं, आणि ते कशावरून, तर एका लाकडी उखळावरून. त्यांची आई त्या उखळात कॉफी कुटायची आणि अशी तालात कुटायची, की दरीच्या पलीकडच्या माणसालाही कळावं, आज या घरी पाहुणे आहेत. आई गेली तेव्हा दुखवट्यातच रखियाने उखळ मागितलं. हुलैल म्हणाला, "ते या घराबाहेर जाणार नाही." रखिया म्हणाली, "मग मीही या घरात येणार नाही." दोघंही एकाच आईची मुलं. दिलेला शब्द दोघांनी पाळला.

भांडणाचं एक वेळ सोडा. पण ईदला भावाने बहिणीच्या दारी जायचं असतं. हातात काहीतरी घेऊन, इस्त्रीचे कपडे घालून, सकाळच्या नमाजानंतर. सल्तच्या त्या उतारावर ईदच्या सकाळी नुसते भाऊ चढत-उतरत असतात. रखिया दर ईदला खजुराच्या कुकीज गरजेपेक्षा कितीतरी जास्त करायची, ट्रेमध्ये एक पेला जास्त मांडायची आणि घंटा वाजली की ओढणी सारखी करायची. दारात कधी अबू वदी असायचा, कधी मुफीदचा कुणी पुतण्या. संध्याकाळी तो जास्तीचा पेला ती न वापरताच धुवायची. मुफीद हे दर वर्षी बघायचा आणि दर वर्षी काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडून पुन्हा मिटायचा. नवरेपणातला फार मोठा भाग असाच जातो.

तर, तिकीट काढून जायचं. मुफीदने कुणाला सांगितलं नाही, म्हणजे फक्त अबू वदीला सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या उताराला माहीत झालं आणि सल्ले सुरू झाले. खालचे म्हणाले, टोपी घ्या. वरचे म्हणाले, टोपी नको, रुमाल घ्या. औषधवाला मुफीदला मुलाच्या, मुंजिरच्या, नावाने मानाची हाक मारून म्हणाला, अबू मुंजिर, तुमच्या आम्लपित्ताचं काय? डॉक्टरांनी कॉफी बंद केलीय ना? तिकडचे लोक कॉफीशिवाय सोडत नाहीत, गोळ्या खिशात ठेवा. अबू वदी म्हणाला, "तुझे हे बूट पेट्रात चालणार नाहीत," आणि मुफीदला बाजारात नेऊन डोंगर चढायचे बूट घ्यायला लावले. ते बूट एवढे भक्कम होते, की त्यात पाय नसता तरी ते उभे राहिले असते. शेवटी मुफीदच्या गाडीचा क्लच गेला आणि अबू वदी म्हणाला, "मी आहे ना! माझी मर्सिडीज आहे ना!" मर्सिडीज होती, पण ती मर्सिडीज आहे हे फक्त पुढच्या चिन्हावरून कळत असे. आणि अबू वदीच्या बायकोने वाटेत खायला म्हणून भात, वांगी आणि कोंबडीचं भलंमोठं पातेलं डिकीत ठेवलं. ते खाताना परातीत उलटं करून वाढायचं असतं. शोबकच्या वळणावर अबू वदीने मेंढ्यांसाठी जो ब्रेक मारला, त्यात ते काम डिकीतच उरकलं.

भात निवडत, गार वांगी खात, ते तिघे तिकीट खिडकीशी पोहोचले. खिडकीतला तरुण सभ्य होता. सभ्य माणसं जास्त त्रास देतात. त्याने मुफीदचं ओळखपत्र बघितलं. "हाजी, याची मुदत संपलीय."

"कार्डाची संपली असेल. माझी नाही."

"मग तुम्ही जॉर्डनचे आहात हे मी कशावरून समजू? परदेशी माणसांचं तिकीट वेगळं आहे."

"अरे बाबा, मी तुझ्याशी भांडतोय ते कुठल्या भाषेत?" मुफीद म्हणाला. "आणि ऐक, वरच्या टेकडीला पाणी मी आणलंय. माझ्या हाताने नळ बसवलेत तिथे!"

"तिथला मीच आहे, हाजी," तरुण नम्रपणे म्हणाला. "ते नळ बसवणारा माणूस आमचे वडील अजून शोधताहेत."

मागच्या रांगेतले इटालियन लोकही हसले. त्यांना काही कळलं नव्हतं, पण मुफीदचा चेहरा बघून कळण्यासारखं होतं. अखेर अबू वदीने आपल्या मिशीची शपथ घेऊन मुफीद जॉर्डनचाच असल्याचं सिद्ध केलं. मग रखियाचं कार्ड पुढे गेलं.

तरुण थबकला. "जन्मठिकाण पेट्रा?" त्याने मान वर केली. "खाला, मग तुम्ही टोळीतल्या. तुम्हाला तिकीट कशाला? तुम्ही कुणाकडच्या?"

रखियाने वडिलांचं नाव सांगितलं नाही. भावाचं तर नाहीच. "पर्यटक आहे मी," ती म्हणाली. "तिकीट दे."

आणि तिने तिकीट घेतलं, नीट घडी केली आणि हातातच धरलं. मुफीदने ते खिशात ठेवायला मागितलं, तर दिलं नाही.

जुन्या शहरात नेणाऱ्या अरुंद घळीतून चालताना ती पर्यटक होती हे मात्र खरं. ती पाट्या वाचत होती. लोक थांबतील तिथे थांबत होती. खजिन्यासमोर अबू वदीने उंटवाल्याशी उंटाच्या जातीवरून वाद उकरून काढला आणि "तुम्ही व्हा पुढे, याला सोडत नाही," म्हणून तिथेच बसला. पुढे एका थडग्यापाशी एक गाईड परदेशी मंडळींना हात उंचावून काही सांगत होता. रखिया हळूच मुफीदला म्हणाली, "इथे माझी मावशी राहायची. फार तोंडाळ होती." आणखी पुढे तिने एका भव्य कोरीव दाराकडे बोट दाखवलं. "हा आमचा शेळ्यांचा गोठा."

तिथून थोडं वर दगडातलीच एक पायरी होती, मधोमध झिजलेली. रखिया न बोलता चढली आणि तिच्यावर बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, अगदी ओळखीच्या खुर्चीत बसावं तशी.

पहारेकरी धावत आला. "बाई, उतरा, उतरा! इथे बसायला मनाई आहे. पाटी दिसत नाही का? पायरी झिजते."

रखिया उठली. "चुकलं, बाळा," ती म्हणाली आणि ओढणी झटकून खाली उतरली.

मुफीदला एकदम फार वाईट वाटलं. ती भांडेल असं त्याला वाटलं होतं. सल्तच्या भाजीबाजारात टोमॅटोवरून जी बाई दुकानदाराच्या सात पिढ्या काढते, ती इथे, स्वतःच्या घराच्या पायरीवर, चुकलं म्हणाली. ती पायरी झिजवली कुणी, हे त्या पोराला सांगावं असं मुफीदच्या मनात आलं. पण सांगायचं कसं? आपलं घर बघायला जग येतं, आणि आपण त्यात नाही म्हणूनच येतं, हे पहारेकऱ्याला सांगून काय उपयोग. तोही तिथलाच असेल.

"चल परत," रखिया म्हणाली. "बघून झालं."

आणि ती खरोखरच निघाली असती. पण बूट! त्या भक्कम बुटांनी एव्हाना मुफीदच्या दोन्ही टाचा सोलून काढल्या होत्या. तो कळवळत एका दगडावर टेकला आणि लगेच डोळ्यांत सुरमा घातलेला एक माणूस गाढव घेऊन हजर झाला. "हाजी, बाहेरच्या दारापर्यंत सोडतो. फार गरीब जनावर आहे. लगाम धरायचीही गरज नाही, वाट त्याला पाठ आहे."

मुफीद गाढवावर बसला. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाने गाढवावर बसू नये, पण टाचा कुणाची नोकरी बघत नाहीत. गाढवाने दाराच्या दिशेने चार पावलं टाकली, कान हलवले, काहीतरी आठवल्यासारखं केलं आणि वळून कड्याच्या वाटेला लागलं.

"अहो, इकडे कुठे?" रखिया ओरडली.

"मला काय विचारतेस? त्याला विचार!"

सुरमेवाला मागून निवांत येत होता. "काळजी नको. दुपारची त्याची पाणी प्यायची वेळ झाली. मालकाकडे जाईल, पाणी पिईल, मग येईल."

"मालक कोण?" रखियाने विचारलं. तिचा आवाज बदललेला मुफीदला गाढवावरूनही कळला.

"हुलैल."

मुफीदने गाढवाला अरबीत थांब म्हटलं, नंतर विनवलं, नंतर खात्यातल्या हाताखालच्या माणसांना जे म्हणायचा तेही म्हटलं. गाढव कड्यातल्या पायऱ्या चढून एका गुहेसमोर गेलं आणि दगडी हौदात त्याने तोंड घातलं. मुफीद त्याच्या मानेवरून घसरत, पुढे पुढे येत, बरोबर गुहेच्या दारात उतरला. एवढ्या वर्षांनी मेव्हण्याच्या दारी माणूस ज्या रुबाबात यायला हवा, त्यातला काही उरला नव्हता.

आत सतरंजीवर हुलैल बसला होता. रात्री तो वरच्या सिमेंटच्या घरी जाई, पण दिवसा गाढवं सांभाळत अजून याच जुन्या गुहेत बसे. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. शेजारी दोन म्हातारे चुलतभाऊ होते, आणि चुलीवर किटली. त्याने मुफीदकडे बघितलं, मग त्याच्या मागे, बाहेर उन्हात उभ्या राहिलेल्या रखियाकडे बघितलं. गाढव पाणी पीत होतं, तेवढाच आवाज.

"ये, मुफीद, बस," हुलैल अखेर म्हणाला. "आणि बरोबरच्या पाहुण्यांना सांग, सावली फुकट आहे."

"त्यांना सांगा," रखिया बाहेरून म्हणाली, "आम्ही बाहेरून बघायला आलोय. आमच्याकडे तिकीट आहे."

"तिकीट?" हुलैल उठून दारात आला. त्याने बहिणीच्या हातातली ती घडी बघितली. आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा तो तिच्याशी थेट बोलला. "तिकीट काढलंस, रखिया? इथे यायला? अगं, लोक काय म्हणतील माझ्याविषयी?"

"लोकांना सांग की बाई पर्यटक होती."

हुलैल वळला, आत गेला, त्याने कोपऱ्यातून ते लाकडी उखळ ओढलं, भाजलेली कॉफी त्यात टाकली आणि कुटायला लागला. सुरुवातीला रागारागात. मग हळूहळू तो ताल लागला. दोन जड ठोके, मग कडेवर एक हलका, मग थांबून पुन्हा. मुफीदला संगीतातलं काही कळत नाही, पण त्याने बाहेर पाहिलं तर रखियाचा पाय त्याच तालात हलत होता. तिचं तिला माहीत नसावं. ती कड्याकडे तोंड करून उभी होती.

कॉफी उकळली, पेल्यात ओतली गेली आणि पहिला पेला पाहुणा म्हणून मुफीदकडे आला. नाही म्हणायची सोय नव्हती. पण गार वांगी, उन्हातली पायपीट आणि गाढवाच्या पाठीवरचे हिसके या सगळ्यांनी मिळून त्याच्या छातीत असा जाळ पेटवला होता, की आधी गोळी घेणं भागच होतं. गोळी पँटच्या खिशात, खाली दबलेली. तिथे पोहोचायला दोन्ही हात मोकळे हवे. मुफीदने पेला सतरंजीवर खाली ठेवला.

ठेवला, आणि गुहेतला वाराच थांबला.

दोन्ही म्हातारे सरळ बसले. हुलैलच्या हातातली किटली अधांतरी राहिली. मुफीदचा हात खिशात अर्ध्यावर अडकला आणि आपण काय करून बसलोय ते त्याच्या डोक्यात लख्ख उजेडलं. पाहुण्याने यजमानाच्या घरी कॉफी न पिता पेला खाली ठेवायचा, याचा अर्थ या मुलखात शेंबडं पोरही सांगेल. लोक मुलगी मागायला येतात तेव्हा ठेवतात. खुनाची माफी मागायला येतात तेव्हा ठेवतात. अर्थ एकच, मी काही मागायला आलोय आणि ते मिळेपर्यंत पिणार नाही. मुफीदला फक्त गोळी हवी होती.

"बोल, अबू मुंजिर," हुलैल अगदी हळू म्हणाला. त्याने मुंजिरच्या नावाने हाक मारली, म्हणजे आता हे घरगुती राहिलं नव्हतं. "कॉफी पी. जे मागायला आलास ते दिलं."

"आधी मागू दे की त्याला," एक म्हातारा म्हणाला.

सगळ्यांची नजर चुलीजवळच्या उखळाकडे गेली. मागणार ते उखळच, दुसरं काय? मुफीदचीही नजर गेली. मागितलं असतं तर मिळालं असतं, गाढवावर बांधून घरी नेता आलं असतं. सल्तच्या दिवाणखान्यात ते शोभेचं म्हणून राहिलं असतं, आणि ईदच्या दिवशी त्याच्याच शेजारी तो जास्तीचा पेला.

माझं पित्त खवळलंय, असं खरं सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. पण तोंड उघडलं तर दुसरंच बाहेर आलं.

"ईदला घरी ये, हुलैल," तो म्हणाला. "ती दर वर्षी तुझा पेला मांडते. मांडते आणि धुते. मला नाही बघवत."

बाहेर रखिया गर्रकन वळली. "तुम्हाला कुणी सांगितलं बोलायला?"

हुलैलने किटली खाली ठेवली. त्याने तोंडावरून हात फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. "मला कुणी बोलावलं नाही," तो म्हणाला.

"भावाला बोलवावं लागतं?" रखिया दारातून ओरडली. "ईदला?"

"आणि बहिणीला तिकीट काढावं लागतं? घरी?"

"मी वाट बघायचे! दर घंटेला उठायचे!"

"मी दर ईदला निघायचो. वाटेतल्या तफिलापर्यंत यायचो. तिथून परत. गाडीवाला वेडा म्हणायचा मला."

एक म्हातारा रुमालात नाक शिंकरू लागला आणि तो धुराने शिंकरतोय असं सगळ्यांनी मानलं. मग रखिया त्या आपल्या जुन्या स्वयंपाकघराच्या दाराशी आली. उंबरा नव्हताच तिथे, नुसता दगड. ती आत आली, वर काजळी धरलेल्या छताकडे बघितलं, चुलीकडे बघितलं आणि म्हणाली, "ही चूल कुणी इकडे सरकवली? धूर जाणार कुठून? पुरुषांना अक्कल नसते ती नसतेच." आणि पदर खोचावा तशी ओढणी खोचून कामाला लागली.

"पी आता," हुलैल मुफीदला म्हणाला.

मुफीद कॉफी प्यायला. छाती पेटली होती तरी प्यायला. आणि त्या धांदलीत पेला हलवून 'पुरे' म्हणायचं विसरल्यामुळे, दुसरी आली. मग तिसरी.

परतताना अबू वदी खजिन्यापाशीच भेटला. उंटवाल्याशी त्याची आता घट्ट मैत्री झाली होती. मुफीद पोट धरून मागच्या सीटवर आडवा होता, आणि रखिया पुढे बसून वाटभर हलक्या आवाजात काहीतरी ठोकत होती. दोन जड, एक हलका, गाडीच्या दारावर.

ईदच्या सकाळी, नमाज आटोपून माणसं घरी परतत असताना, घंटा वाजली. रखियाने ओढणी सारखी केली. दारात हुलैल होता, इस्त्रीच्या पांढऱ्या झग्यात, एका हातात मिठाईचा खोका, बगलेत जुन्या घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी जड. त्याने आत पाऊल टाकलं नाही.

"तिकीट कुठे मिळतं?" त्याने गंभीरपणे विचारलं.

रखियाने त्याच्याकडे बघितलं, हसायला गेली आणि ओढणीचं टोक डोळ्यांना लावून दारातच रडायला लागली. हुलैलने घोंगडीतलं उखळ तिच्या पायाशी ठेवलं. "हे ईदपुरतं आणलंय हं," तो म्हणाला. "कॉफी झाली की परत नेणार." ती रडता रडता म्हणाली, "ने, ने. मग पुढच्या ईदला पुन्हा आण."

त्या सकाळी सल्तच्या सगळ्या उताराने तो ताल ऐकला. वरून अबू वदी उतरला, खालचे चढून आले. ट्रेमध्ये मांडलेला प्रत्येक पेला भरला गेला. शेवटी हुलैलने मुफीदच्या हातात एक वेगळाच पेला दिला. त्यात कॉफी नव्हती, सेजच्या पानांचा चहा होता, पोटाला शांत करणारा.

"कॉफी तुला सोसत नाही," हुलैल म्हणाला. "लग्नापासून ठाऊक आहे मला. गुहेत आलास तेव्हाही खिशातली गोळीच शोधत होतास."

मुफीद पुढे सरकला. "मग त्या दिवशी 'दिलं' कशाला म्हणालास?"

"अरे, एवढ्या वर्षांनी माझ्या दारात कुणीतरी पेला खाली ठेवला होता," हुलैल म्हणाला. "मी सोडतोय होय?"

मुफीद चहा प्यायला. गरम होता, पण त्याने पेला खाली ठेवला नाही.